पडताळणीची लिंक आधीच वापरलेली का निघते?
नव्या वापरकर्त्याने ईमेलमधील पडताळणीची लिंक उघडताच ‘ही लिंक आता चालणार नाही’ असे दिसते, म्हणून तिची मुदत २४ तासांवरून ७२ तासांवर न्यावी, असा उपाय सुचवला जातो. मला मात्र दोष मुदतीचा वाटत नाही. अनेक कंपन्यांच्या मेल-यंत्रणेत बसवलेले सुरक्षा-स्कॅनर पत्रातील लिंका वापरकर्त्याच्या आधी स्वतःच उघडून तपासतात, आणि टोकन (लिंकमधला पडताळणीचा गुप्त संकेत) एकदाच चालणारे असेल तर ते तिथेच खर्ची पडते. आमच्याकडे नेमके हेच होत होते: सर्व्हरच्या नोंदींत (लॉगमध्ये) मेल पाठवल्यावर अवघ्या ३ सेकंदांत पहिली ‘गेट’ विनंती, म्हणजे लिंक उघडल्याची विनंती, दिसायची, तीही वापरकर्त्याच्या नव्हे तर कुठल्याशा डेटा सेंटरच्या आयपी पत्त्यावरून. मग आम्ही लिंकवर नुसते एक पान ठेवले आणि त्यावरील ‘ईमेल पक्का करा’ हे बटण दाबल्यावर जाणाऱ्या ‘पोस्ट’ विनंतीनेच (माहिती पाठवणाऱ्या विनंतीनेच) टोकन वापरले जाईल, अशी व्यवस्था केली. हे बटण जावास्क्रिप्टने (पानात चालणाऱ्या प्रोग्रॅमने) आपोआप दाबले जाईल असे कृपया करू नका, कारण काही स्कॅनर तीही चालवतात. नव्याने बांधणी करत असाल, तर मी लिंकऐवजी मेलमधून पाहून वापरकर्त्याने स्वतः टाइप करायचा सहा अंकी कोडच सुचवेन.

मेल पोहोचतच नसेल, तर आधी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या व्यवस्था) तपासा. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४पासून ही तिन्ही बंधनकारक आहेत. शिवाय ‘मेल पाठवला आहे’ या पडद्यावर भरलेला पत्ता ठळक दाखवून शेजारी ‘बदला’ हे बटण द्यावे, म्हणजे ‘जीमेल’ऐवजी ‘जीमिअल’ टाइप करणारा माणूस तिथेच अडकून पडणार नाही.