दिवस भरत आलेत, तुमचे शेवटचे आठवडे कसे गेले?

परवा ३६ आठवडे पूर्ण झाले. डॉक्टर म्हणाल्या, आता दर आठवड्याला यायचं. पोट इतकं पुढे आलंय की चपला कुठल्या घातल्यात ते काढल्यावरच कळतं. पुस्तकी माहिती वाचून झाली आहे. मला ऐकायचंय तुमचं प्रत्यक्षात काय झालं ते. चांगलं, वाईट, लाजिरवाणं, सगळं चालेल. फक्त 'आत्ताच झोपून घे' हा सल्ला नको. कूस बदलायलासुद्धा उठून बसावं लागतं, झोपू कशी?

*

माझं बाळ ३७व्या आठवड्यात खाली सरकलं. सकाळी उठले तर श्वास पुरा आत जात होता, छातीतली जळजळ गायब. आनंद दुपारपर्यंत टिकला. मग सगळा भार मूत्राशयावर. बाथरूममधून येऊन पलंगावर टेकले की परत जायचं. चालताना मध्येच खाली करंट बसल्यासारखी चमक यायची, भिंत धरून उभी राहायचे. दुसऱ्या खेपेला मात्र कळा सुरू होईपर्यंत बाळ वरच होतं. त्यामुळे 'अजून उतरलं नाही' म्हणून कुणी घाबरवलं तर मनावर घेऊ नकोस.

*

मी दोनदा बॅग घेऊन गेले आणि दोनदा बॅग घेऊन परत आले. पहिल्या वेळी पाकिटाच्या मागे वेळा लिहिल्या होत्या: ७ मिनिटं, १२, ५, मग एकदम २०. सिस्टरने कागद बघितला, म्हणाली, पाणी प्या आणि थोडं चाला. चालले तर कळा थांबल्या! इतकी शरम वाटली की दुसऱ्या वेळी निघायलाच तयार नव्हते, नवऱ्याने जबरदस्तीने नेलं. तिसऱ्या वेळी पाकीट लागलंच नाही. वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. बसले, उठले, चालले, कळा आपल्या येतच राहिल्या, दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या. मला सांगितलं होतं की असं तासभर चाललं की निघायचं. पण घर लांब असेल किंवा आधीचं बाळंतपण झटपट झालं असेल तर इतकं थांबू नये. आणि हो, तीन दिवस आधी चिकट, रक्ताची रेघ असलेला स्राव गेला होता. तेवढ्याने लगेच कळा येतात असं नाही. पाळीसारखं रक्त गेलं तर मात्र थांबायचं नाही.

*

मी बाबा, चालेल ना? सिनेमात पाणी जातं ते धबधब्यासारखं. आमच्याकडे नुसतं ठिबकत होतं. बायकोला वाटलं लघवी सुटली, म्हणून ती माझ्यापासूनही लपवत होती. पॅड लावून बघितलं तर अर्ध्या तासात ओलं, आणि रंग हिरवट. फोनवर सांगितल्याबरोबर 'लगेच निघा' म्हणाले. बाळाने पोटातच शी केली होती. पुढे सगळं नीट झालं. पाणी स्वच्छ असलं तरी कळवायचं असतंच, हे मला तेव्हा कळलं.

*

खाज. त्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. पोटाला येते ती वेगळी, कातडी ताणली जाते म्हणून. माझ्या तळहातांना आणि तळपायांना यायची, रात्री जास्त, अंगावर पुरळ एकही नाही. फरशीवर पाय घासत बसायचे. घरचे म्हणाले, शेवटी शेवटी येतेच. तपासणीला सहज बोलून गेले तर डॉक्टरांनी लगेच रक्त घेतलं: यकृताच्या तपासण्या आणि पित्ताम्ल (पित्तातलं आम्ल). वाढलेलं निघालं, ३७ आठवडे झाल्यावर कळा आणल्या. सहज बोलले नसते तर?

*

पाय सगळ्यांचेच सुजतात. माझा चेहरा सुजला, डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे. बीपी १५०/१००, लघवीत प्रथिनं. त्याच दिवशी दाखल.

*

रात्री दोन वाजता मी बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावत होते. नंतर एक मोजा सापडेना म्हणून रडले. बाळाचा नव्हे, नवऱ्याचा.

*

माझी तारीख येऊन गेली. '४० अधिक ६' (४० आठवडे आणि ६ दिवस) पर्यंत फोनवर एकच प्रश्न: काय गं, अजून नाही? शेवटी मी 'झालं की मीच सांगेन' असं टाइप करून ठेवलं आणि तेच चिकटवत राहिले. तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, एवढाच तो हिशेब. नेमक्या त्या दिवशी येणारी बाळं वीसात एखादं. आतून तपासताना डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाजवळचं आवरण बोटाने सैल केलं (दुखतं, खोटं कशाला बोलू), तरी काही हललं नाही. ४१ पूर्ण झाल्यावर औषधाने कळा आणल्या.

*

एक गोष्ट खोडून काढायची आहे. 'शेवटी बाळ शांत होतं' हे वाक्य मी ऐकलं आणि एक अख्खा दिवस घरी काढला. जागा कमी पडते म्हणून लाथांऐवजी ढुशा आणि सरकणं जाणवतं, ते खरं. पण हालचाल कमी होत नाही. संध्याकाळी गेले, पट्टे बांधून ठोके बघितले, सगळं ठीक होतं. डॉक्टर ओरडल्या त्या आल्याबद्दल नाही, उशिरा आल्याबद्दल. मला सांगितलेली पद्धत: डाव्या कुशीवर पडून मोजायचं, दोन तासांत दहा. पण नेहमीपेक्षा कमी वाटतंय असं मनात आलं तर मोजत बसायचं नाही, जायचं.

*

धागा मीच काढला होता. सगळं दोनदा वाचलं, तळहातही बघून घेतले. काल रात्री मोजले, पन्नास मिनिटांत नऊ, शिवाय मोठी उचकी. उचकी धरायची का?

*

नाही. दहावी यायची वाट बघ.

*

आली. बरगडीतच.