मदत हवी आहे: बोरनहाणात काय टाकायचं, काय नाही?

लेक सव्वा वर्षाची आहे, यंदा पहिलं बोरनहाण. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं म्हणून रविवार धरलाय, सोसायटीतली पोरंटोरंही येणार. पण हिला खाली दिसेल ते तोंडात घालायची सवय, आणि डोक्यावरून ओतायचं काय तर बोरं, शेंगदाणे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, हलवा, गोळ्या, म्हणजे सगळं नेमकं घशात अडकेल असंच!! डॉक्टर म्हणतात अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत जाऊ शकतात. सासूबाईंचं म्हणणं बोरांशिवाय कसलं बोरनहाण, आणि ते मलाही पटतं.

मी विचार केला की चुरमुरे भरपूर, छोटे बिस्किटपुडे आणि ती मोठी ॲपल बोरं घ्यावीत, पण ती डोक्यात टणकन लागतील ना? की बोरं नुसती ओवाळून मोठ्या मुलांच्या हातात द्यायची?

अजून एक, हलव्याचे दागिने ही दोन मिनिटांत तोडून दाणे तोंडात टाकणार. काळ्या झबल्यावर फुलांचे किंवा कापडी दागिने कोणी केलेत का, असतील तर फोटो टाका प्लीज. आणि ओतल्यावर मोठी पोरं लुटायला झेपावतात तेव्हा बाळाला लगेच उचलता का, की आधीच बाजूला बसवता?