क्लायंटला तोंडावर खरं सांगावं की सांभाळून घ्यावं?

मार्केटिंगवाला, कोल्हापूर

लहान उद्योगांना मार्केटिंगचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय. माझं मत आधीच मांडतो: क्लायंटला जे ऐकायचं नसतं ते पहिल्याच बैठकीत, ॲडव्हान्स घ्यायच्या आधी सांगावं. गुळमुळीत बोलू नये.

ताजं उदाहरण देतो. कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती उद्योग, वडील आणि मुलगा मिळून चालवतात. तक्रार अशी की फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर पैसा जातोय, विक्री होत नाही, तेव्हा नवीन व्हिडिओ करून द्या. मी म्हटलं, आधी ऑर्डरचं व्हॉट्सॲप दाखवा. वर्षाचा मसाला भरायचा सीझन ऐन भरात. "किलोचा भाव काय?", "मुंबईला कुरिअर होईल का?", "फार तिखट नाही ना, मुलं खाणार आहेत" असे मेसेजच मेसेज. काहींना दुसऱ्या दिवशी उत्तर गेलेलं, बऱ्याच जणांना नाहीच. कारण तो फोन वडिलांच्या खिशात आणि वडील दिवसभर डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर. तिथल्या दणदणाटात रिंगही ऐकू येत नाही.

मी सरळ म्हणालो, "काका, जाहिरात चांगली चाललीय. चौकशी येतेय आणि उत्तर द्यायला कुणी नाही. व्हिडिओवर एक रुपयाही घालू नका, आधी फोनवर माणूस बसवा."

काका तडकले. "तुम्हाला मार्केटिंगला बोलावलंय, आमचा कारभार बघायला नाही." काम गेलं. तरी उद्या तसाच प्रसंग आला तर मी हेच सांगेन. व्हिडिओ करून दिला असता तर माझं बिल निघालं असतं आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी मेसेज तसेच पडून राहिले असते. तुमचं मत काय?

फरसाणवाली, नाशिक

दादा, तुमचं निदान शंभर टक्के बरोबर. पण तुम्ही ते मुलासमोर बोललात ना? तिथेच बिघडलं.

आमच्या दुकानात असाच एक सल्लागार आला होता. काउंटरवरच्या पोरांसमोर सासऱ्यांना म्हणाला, तुमचं पाकीट बघून कुणी विकत घेणार नाही. ते पाकीट सासूबाईंनी निवडलेलं, रंगासकट. त्या दिवसापासून घरात पॅकिंग हा शब्द काढायची सोय उरली नाही. पुढे मी गाजावाजा न करता चिवड्याचे थोडे नवे पाऊच छापून घेतले आणि जुन्या पाकिटांशेजारी ठेवले, भाव तोच. गावाला नेण्यासाठी खरेदी करणारे नवे उचलायला लागले, कारण त्यांना झिप होती आणि पिशवीत तेल उतरत नव्हतं. शेवटी मामंजींनीच विचारलं, "ते झिपवाले परत कधी येणार?"

सल्लागार बोलून निघून जातो. त्याच्या शब्दांबरोबर घरच्यांना राहावं लागतं.

एजन्सीतला, पुणे

ताई, तुम्ही घरच्या आहात म्हणून तुम्हाला तेवढा वेळ मिळाला. आम्हाला मिळत नाही. क्लायंट दर महिन्याला रिटेनर, म्हणजे ठरलेली फी देतो आणि महिन्याअखेर रिपोर्ट मागतो. मग त्यात काय जातं? रीच, लाइक्स, व्ह्यूज, जे वाढलंय ते सगळं. विक्री वाढली नाही हे कुणी लिहीत नाही. मी एकदा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ते साहेबांनी शेवटच्या पानावर नेलं. सहा महिन्यांनी क्लायंट सोडून गेला आणि जाताना म्हणाला, "हे तुम्हाला दिसत होतं तर बोलला का नाहीत?" माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने.

जुना जाहिरातवाला, दादर

मोठ्या कंपन्यांतही हेच. 2008 साली टाटांनी नॅनो दाखवली तेव्हा सगळीकडे एकच चर्चा: एक लाखाची गाडी. 2009 मध्ये ती बाजारात आली. आपल्याकडे माणूस गाडी घेतो ती शेजाऱ्यांनी बघावी म्हणूनही घेतो. तिला सर्वांत स्वस्त म्हटलं की घेणाऱ्याचा मान गेला. पुढे खुद्द रतन टाटांनी ही ओळख दुर्दैवी ठरल्याचं जाहीरपणे सांगितलं. असं काही वेळेवर आणि स्पष्ट बोलणारा माणूस बैठकीत हवा असतो.

हिशेबनीस, ठाणे

काका, हे आता बोलणं सोपं आहे. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून नॅनोचा कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला, गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. सगळं खापर एका शब्दावर फोडता येत नाही. स्पष्ट बोलणाऱ्यांचा हाच दोष मला खटकतो: आपलं मत हेच कारण असं ते ठामपणे सांगतात. मसाल्याच्या बाबतीत मेसेज समोर होते, पुरावा होता. तिथे ठाम बोला. "हा लोगो चालणार नाही" हे मात्र तुमचं मत झालं, ते मत म्हणूनच सांगा.

लेबलवाला, सांगली

एका ठिकाणी सांभाळून घ्यायला जागाच नाही. जांभळाच्या पावडरीवर "मधुमेह मुळापासून बरा" असं छापायचा आग्रह धरणारे क्लायंट मला नेहमी भेटतात. अशा जाहिरातीला 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, आणि अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. तरी मला दंडापेक्षा जास्त भीती वाटते ती पाकीट वाचून गोळ्या बंद करणाऱ्या आजोबांची. असं काही छापायला कुणी सांगितलं की मी उठून येतो. समोर कोण बसलंय हे बघत नाही.

मार्केटिंगवाला, कोल्हापूर

हिशेबनीस, पुरावा आणि मत वेगळं ठेवायचं हे मान्य. ताई, मुलाला बाहेर पाठवून बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणता. पण फोन मुलाच्या हातात द्यायचा होता. त्याच्याशिवाय ते ठरणार कसं?

फरसाणवाली, नाशिक

आधी काकांशी एकट्याने बोलायचं. मग काकाच मुलाला म्हणाले असते, "फोन तू घे." निर्णय त्यांचा झाला असता. अजून सीझन संपलेला नाही, एकदा डंकावर जाऊन या.

मार्केटिंगवाला, कोल्हापूर

जाईन. पण त्यांनी परत व्हिडिओच मागितला तर नाहीच म्हणणार.