मोटारसायकलचा मागचा मडगार्ड काढावा का?

प्रश्न : चोपडा तालुका, जि. जळगाव

माझ्याकडे १५० सीसीची, मागे एकच शॉकअप असलेली मोटारसायकल आहे. घरापासून शेतापर्यंतचा रस्ता निव्वळ काळ्या मातीचा असल्यामुळे एखादी सर पडून गेली, की चिकट मातीचे थर टायरवर चढत जातात आणि थोड्याच अंतरावर मागचे चाक फिरायचे थांबते. मग तुराटी घेऊन माती उकरावी लागते. गाडीवर फवारणीचा पंप बांधलेला असेल, तर तोल सांभाळून हे करणे फार जिकिरीचे होते. त्यातच मागच्या लांब मडगार्डला नंबरप्लेटच्या बोल्टजवळ तडा गेला आहे. गावातील अनेकांनी हा मडगार्ड काढून नंबरप्लेट सीटखाली आखूड पट्टीवर बसवली आहे. याच गाडीवर आईला मागे बसवून मला जळगावला दवाखान्यातही न्यावे लागते. अशा वापरात मडगार्ड काढणे योग्य ठरेल का, आणि त्यात कायद्याची काही अडचण येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : धुळे, दुचाकी दुरुस्तीचा व्यवसाय

भाऊ, आपल्या गाडीला मागे दोन मडगार्ड असावेत. एक सीटखालून मागे आलेला लांब, ज्यावर नंबरप्लेट आणि इंडिकेटर असतात. दुसरा टायरला अगदी लागून, स्विंगआर्मवर म्हणजे मागचे चाक धरून वरखाली हलणाऱ्या लोखंडी दांड्यावर बसवलेला छोटा. चाक जाम होते ते या छोट्या मडगार्डमुळे, कारण टायर आणि त्याच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची जागा असते आणि काळी माती तिथे सिमेंटसारखी घट्ट बसते. लांब मडगार्ड टायरपासून चांगलाच दूर असतो. तो काढल्याने आपली शेतरस्त्यावरची अडचण तसूभरही कमी होणार नाही, उलट चिखलाचे फवारे थेट मागे बसलेल्या आईंच्या पाठीवर आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडतील.

आखूड पट्टीचा आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही. गाडीवर दोन माणसे बसली आणि चाक खड्ड्यात गेले, की शॉकअप पूर्ण दाबला जाऊन टायर थेट नंबरप्लेटला घासतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा गाड्यांच्या नंबरप्लेटची खालची कडा टायरने घासून चकचकीत झालेली आणि आत वळलेली असते, आणि आतून आलेल्या इंडिकेटरच्या वायरचे वेष्टण सोललेले असते. तिथून शॉर्ट होऊन फ्यूज उडतो, आणि तोही नेमका रात्रीच्या पावसात.

तड्यासाठी मडगार्ड बदलण्याचीही घाई करू नये. तड्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. आतल्या बाजूने लोखंडी पट्टीचा आधार द्यावा आणि बोल्टखाली रबरी व रुंद वॉशर घालावेत. नुसते प्लास्टिक वितळवून जोडले, तर आपल्याकडच्या रस्त्यांवर ते फार दिवस टिकत नाही.

उत्तर : जळगाव

कायद्याविषयी लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये मालकाने केलेल्या नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. केवळ मडगार्ड काढणे या कलमात बसते का, यावर वाद घालता येईल. नंबरप्लेट, तिच्यावर उजेड पाडणारा दिवा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर यांच्याबाबत मात्र वादाला जागा नाही. ते जागेवर हवेत आणि मागून स्पष्ट दिसायला हवेत. उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने जोडलेली असते, त्यामुळे ती काढून दुसऱ्या पट्टीवर बसवायची म्हटले, तरी लॉक तोडावे लागते. आई मागे बसत असल्याने साडी गार्डही काढू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी भाग झाकलेला चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी सुरत-नागपूर महामार्गावर पावसाळी रात्री मालमोटारीच्या चालकाला पुढची दुचाकी दिसते ती त्या लाल दिव्यामुळे आणि रिफ्लेक्टरमुळेच. आईला घेऊन त्याच रस्त्याने जाणार असाल, तर एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मागची मांडणी कंपनीने दिली तशीच राहू द्यावी, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : अक्राणी, जि. नंदुरबार

धुळ्याच्या भाऊंचे म्हणणे काळ्या मातीपुरते खरे आहे, परंतु ते वाचून कोणी सरसकट छोटा मडगार्ड काढू नये. आमच्याकडे सातपुड्यात मुरूम आणि सुटे दगड असतात. तिथे हाच छोटा मडगार्ड शॉकअपच्या दांड्याला दगडांपासून वाचवतो. दांड्यावर ओरखडा पडला, की सील फाटून तेल गळू लागते. ज्याचा रस्ता जसा, त्याने तसा निर्णय घ्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. लांब मडगार्ड पट्टी लावून ठेवतो. छोटा मात्र पावसाळ्यापुरता काढला, तर शॉकअपचे रक्षण कसे करावे?

उत्तर : धुळे, दुचाकी दुरुस्तीचा व्यवसाय

मोटारीच्या जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा कापून तो शॉकअप आणि टायर यांच्यामध्ये पडद्यासारखा वरून बांधावा. त्याची खालची कडा स्विंगआर्मच्या वर सैल राहू द्यावी, म्हणजे माती साचण्याऐवजी झटकली जाते. बांधल्यावर दोघांना सीटवर बसवून गाडी दाबून पाहावी, आणि रबर टायरला किंवा चेनला कुठेही लागत असेल, तर तेवढे छाटावे. धुताना पाण्याचा जोराचा फवारा चेनवर आणि चाकाच्या बेअरिंगवर मारू नये. माती ओली असतानाच हाताने काढावी. पाऊस उघडून शेतरस्ता वाळला, की छोटा मडगार्ड परत बसवावा. त्याचे बोल्ट तोपर्यंत स्विंगआर्मच्या भोकांतच ग्रीस लावून घट्ट करून ठेवावेत, म्हणजे आटे गंजत नाहीत आणि बोल्टही हरवत नाहीत.