शब्द हवाय: मिडसिंग्युलेट (आणि २४ डॅश)

गवतीचहा: मकाक माकडाच्या मेंदूवरचा एक लेख मराठीत करतेय. सिंग्युलेट कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूच्या पट्ट्यासारख्या भागाला, आधीच्या अनुवादकाने 'मेखला बाह्यक' ठेवलंय, मी तेच चालवलं. पुढचं ते अग्र, मागचं ते पश्च, इथवर ठीक. पण मेंदूच्या भागांना आकडे देणाऱ्या ब्रॉडमनने १९०९च्या पुस्तकात इथले मुख्य तुकडे २४ आणि २३ असे पाडले, नंतर संशोधक व्होग्ट यांनी मधला भाग वेगळा काढून मिडसिंग्युलेट म्हटलं, आणि तिथल्या २४ला शेंडीवर रेघ देऊन २४' केलं. 'मध्यमेखला' लिहिलं तर संपादक म्हणतात, बेंबीखालचं बक्कल वाटतं. काय करू?

पाटावरवंटा: मेखला हा बायकांचा दागिना झाला. लॅटिन सिंग्युलम म्हणजे साधा कंबरपट्टा, कॉर्पस कॅलोसमला, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या धाग्यांच्या जाड जुडग्याला, वरून वळसा घालतो म्हणून ते नाव. आपल्याकडे करगोटा आहे की!

संत्र्याचीसाल: करदोडा. करगोटा तिकडं पुण्याकडं म्हणतात.

पाटावरवंटा: पुण्याचा काय संबंध, माझी आजी सोलापूरची, ती करगोटाच म्हणायची.

तिरसट: मेंदूला करगोटा बांधून मोकळे व्हा. अहो कॉर्टेक्स चालतं, न्यूरॉन चालतं, मग सिंग्युलेटलाच सोवळं कशाला नेसवताय?

पाटावरवंटा: सिंग्युलेट वाचून दहावीच्या पोराला काय दिसणार? पट्टा म्हटलं की निदान वळसा तरी दिसतो.

रात्रपाळी: मी याच विषयात आहे म्हणून सांगते, इंग्रजीतच एकमत नाहीये. स्कॅन करणारी मंडळी त्याच भागाला सर्रास डॉर्सल अँटिरियर (वरचा अग्र) सिंग्युलेट म्हणतात, व्होग्ट यांचं म्हणणं तो अँटिरियरचा भागच नव्हे, पेशींची मांडणी वेगळी, जोडण्या वेगळ्या. त्यामुळे तुझा मूळ लेखक कुठल्या गटातला ते आधी बघ, नाहीतर मराठीत एकाच जागेला दोन नावं पडतील. आणि आकड्यांना हात लावू नकोस, आकड्यांत अर्थ आहे. २४ मध्ये कॉर्टेक्सच्या पेशीथरांपैकी चौथा, दाणेदार थर जवळपास नसतोच आणि २३ मध्ये तो नीट दिसतो, काचपट्टीवर हद्द त्यावरूनच ओळखतात. मग २४चे परत ए, बी, सी. ए कॅलोसमला चिकटून, बी वळीच्या (मेंदूच्या घडीच्या) उघड्या पाठीवर, सी खाचेच्या आत. मागच्या बाजूला खाचेतच २४डी, तिथून धागे थेट मज्जारज्जूपर्यंत जातात, हालचालीचं काम.

गवतीचहा: हे भारी आहे, थँक्यू. पण रीजन, सबरीजन, एरिया असे तीन मजले आहेत, त्यांना विभाग, उपविभाग, क्षेत्र चालेल? आणि रेट्रोस्प्लेनियलचं मशीनने 'प्लीहेच्या मागचा' केलंय 😭

रात्रपाळी: अगं बाई! स्प्लेनियम म्हणजे जखमेवर बांधायची पट्टी, ग्रीकमधून आलंय. कॅलोसमचं मागचं जाड टोक. २९ आणि ३० त्याच्या मागे आत दडलेले असतात.

संत्र्याचीसाल: क्षेत्र नको, शेत वाटतं. प्रांत म्हणा.

तिरसट: प्रांत म्हटलं की प्रांतसाहेब आठवतात.

भाऊचाधक्का: मी काय म्हणतो, २४ बुद्रुक आणि २४ खुर्द! एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की आपण हेच करतो. कोंढवा खुर्द, कोंढवा बुद्रुक. प्रश्न मिटला.

रात्रपाळी: 😂 पण मग २४ए खुर्द, २४बी खुर्द...

पाटावरवंटा: शुद्ध मराठी शब्द आहेत, मला आवडलं.

तिरसट: शुद्ध?? दोन्ही फारसी. बुजुर्गचं बुद्रुक झालं, खुर्द म्हणजे लहान. करगोट्यावर एवढी तलवार उपसलीत आणि इथे फारसी गोड लागली होय.

पाटावरवंटा: तीनचारशे वर्षं सातबाऱ्यावर असलेला शब्द मराठीच. सिंग्युलेट येऊ दे सातबाऱ्यावर, मग बोलू.

संत्र्याचीसाल: सातबारा तीनचारशे वर्षं जुना नाही हो.

गवतीचहा: लेख उद्या द्यायचाय. रेघेचं तरी सांगा, 'चोवीस प्राइम' लिहू की 'चोवीस डॅश'? आम्ही भूमितीत ए डॅशच म्हणायचो.

भाऊचाधक्का: डॅश. पण खुर्द लहानच असतं असं नाही हां, आमचं खुर्द बुद्रुकच्या दुप्पट आहे आणि बाजारही आमच्याकडेच भरतो.

तिरसट: बाजार भरतो तर कसबे म्हणायला पाहिजे होतं.

भाऊचाधक्का: कसबे पलीकडे आहे, नदीच्या.