मदत हवी आहे: बाबा गोळ्या एक दिवसाआड घेतायत, पैसे वाचवायला

वळणवाट:
लवकर उत्तर हवं आहे. बाबांची कॅन्सरची गोळी चालू आहे, फार महाग आहे, महिन्याची डबी येते. नवीन आणू का विचारलं की "आहे अजून" म्हणायचे. काल कपाट आवरताना डबी हाताला लागली. दहा दिवसांपूर्वीच संपायला हवी होती, हलवली तर खुळखुळली. कागद पसरून मोजल्या, ४० निघाल्या. लेबलवर पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा लिहिल्यात, एक सोडून एक. विचारलं तर म्हणाले, "मला बरं वाटतंय, एवढ्याने काही होत नाही."
एक दिवसाआड घेतल्याने नक्की काय बिघडतं, आणि त्यांना पटवायचं कसं? "डॉक्टरांना विचारा" एवढंच कृपया लिहू नका, पुढची तारीख १९ दिवसांनी आहे. माझं काम चार महिन्यांपूर्वी सुटलं, बहिणीने कर्ज काढलंय. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

त्रयस्थ:
कुठला कॅन्सर? कुठली गोळी? दिवसाला किती, कधीपासून? यातलं काहीच लिहिलेलं नाही. या आजारात रोज घ्यायच्या गोळ्याही आहेत आणि तीन आठवडे घेऊन एक आठवडा सोडायच्याही. औषधाचं नाव न विचारता कोणी "चालतं" किंवा "चालत नाही" म्हणालं तर दोन्ही मानू नका.

दुर्वा७:
चालत नाही! माझ्या भावाला रक्ताचा कॅन्सर आहे, सीएमएल. इमॅटिनिब घ्यायचा. ही गोळी २००१ मध्ये आली आणि या आजाराचं चित्रच पालटलं. मधे हात आखडला तेव्हा आम्हाला न सांगता आठवड्यातून चारच दिवस घ्यायला लागला. सहा महिन्यांनी तपासणीत आकडा वर गेला आणि दुसऱ्या गोळीवर जावं लागलं. ती पहिलीपेक्षा कितीतरी महाग. तुमच्या बाबांना हे वाचून दाखवा.

क्षितिजापार:
केमो चालू असेल तर एक लक्षात ठेवा. डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्र असो की सुट्टी, थेट हॉस्पिटल गाठायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. आईच्या वेळी आम्ही सकाळची वाट पाहिली होती. घरात चांगला थर्मामीटर ठेवाच.

वळणवाट:
केमो नाहीये. प्रोस्टेटचा आहे, हाडांत गेलाय. गोळीचं नाव अ‍ॅबिराटेरोन, २५० मिलिग्रॅमच्या चार, सकाळी उपाशीपोटी. अकरा महिने झाले. दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचं इंजेक्शन आणि दर महिन्याला हाडांसाठी सलाइनमधून एक. आता तरी कोणी सांगेल का? दोन दिवस झोप नाही.

औषधवाली:
मी हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते. सांगते, पण आधी एक विचारायचंय. अ‍ॅबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोन नावाची छोटी स्टिरॉइडची गोळी असते, बहुतेक ५ मिलिग्रॅमची. तुम्ही तिचा उल्लेखच केला नाही. ती ते रोज घेतायत का? आजच्या आज मोजा. बीपी किती आहे? पाय सुजलेत का? चक्कर, मळमळ, नेहमीपेक्षा जास्त गळाठा?

निसर्गस्नेही:
एवढ्या गोळ्यांनी शरीर पोखरून निघतं. बाबांचं शरीरच सांगतंय की कमी करा. माझ्या काकांना मी वनस्पतींचा काढा चालू केला, आज चार वर्षं झाली, उत्तम आहेत. खर्च जवळजवळ नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कृती देतो.

औषधवाली:
निसर्गस्नेही, काकांना कुठला कॅन्सर होता, ऑपरेशन किंवा रेडिएशन झालं होतं का? ते न सांगता काढ्याला श्रेय देऊ नका. अ‍ॅबिराटेरोन यकृतावर ताण आणू शकतं, म्हणून सुरुवातीपासून यकृताच्या तपासण्या ठरावीक दिवसांनी करतात. ती गोळी यकृतातच मोडली जाते आणि काही वनस्पती हे मोडणं वाढवतात, म्हणजे घेतलेली गोळीही वाया. वळणवाट, काढा अजिबात सुरू करू नका.

निसर्गस्नेही:
मी कोणाला औषध बंद करा म्हटलेलं नाही. काकांचं ऑपरेशन झालं होतं, हे खरं. पण त्यानंतरची ताकद काढ्याने आली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही लोक ऐकूनच घेत नाही.

त्रयस्थ:
आता औषध कळलं म्हणून लिहितो. गोळी एक दिवसाआड घेण्याला कुठलाच आधार नाही. ती शरीरात टिकते तासांच्या हिशोबात, दुसऱ्या दिवशीची सुट्टी म्हणजे आजाराला मोकळं रान. पण खर्च कमी करण्याचा अभ्यासलेला एक रस्ता आहे. ही गोळी उपाशीपोटी फार कमी शोषली जाते. हलक्या नाश्त्याबरोबर घेतली तर रक्तात साधारण पाचपट जाते. २०१८ मध्ये ७२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना चार गोळ्या उपाशीपोटी, अर्ध्यांना एकच गोळी कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा, उतरण्यात एक गोळीवाले मागे पडले नाहीत. म्हणजे खर्च चौथाई. तुम्ही उद्यापासून

औषधवाली:
त्रयस्थ, "उद्यापासून" लिहू नका, प्लीज. अभ्यास खरा आहे, मलाही तो महत्त्वाचा वाटतो आणि काही ठिकाणी डॉक्टर स्वतः तसं देतात. पण ७२ रुग्ण फार थोडे आहेत आणि मोजलं ते पीएसए, आयुष्य किती वाढलं ते नाही. उद्या बाबांनी अर्धवट ऐकून चारही गोळ्या भरल्या पोटी घेतल्या तर? तेलकट जेवणाबरोबर ती दहापट शोषली जाते. हा प्रश्न डॉक्टरांसमोर ठेवा, कागदावर लिहून न्या, पण घरी ठरवू नका.

त्रयस्थ:
मान्य. वाक्य अर्धं राहिलं होतं, "डॉक्टरांना विचारून" असंच लिहिणार होतो. पण एक सांगतो, अनेक डॉक्टर पैशाचा विषय स्वतः काढत नाहीत. त्यांना वाटतं तुम्हाला झेपतंय. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही आठ महिने तोंड मिटून खर्च केला. शेवटी सासूबाईंनी सरळ विचारलं, "यातलं काय टाळता येईल?" आणि दोन तपासण्या तिथल्या तिथे कमी झाल्या.

सायली_क:
तीन महिन्यांच्या इंजेक्शनबद्दल कोणीच बोललं नाही. त्या इंजेक्शनचं काम वृषणात तयार होणारं हॉर्मोन थांबवणं. तेच काम एका छोट्या ऑपरेशनने कायमचं होतं, वृषणं काढून. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी हेच दाखवलं होतं आणि १९६६ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. माझ्या बाबांनी तेच केलं. एकदाच खर्च, नंतर इंजेक्शन नाही. गोळी मात्र चालूच राहते, हे आधीच सांगते.

क्षितिजापार:
हे असं जाहीर धाग्यावर सुचवणं मला बरोबर वाटत नाही. वडीलधाऱ्या माणसाला पैशासाठी शरीराचा भाग काढायला सांगायचं? त्यांच्या मनाचं काय?

सायली_क:
मनाचंच सांगते. बाबा पहिले दोन महिने गप्प गप्प होते, आरशासमोर उभे राहायचे नाहीत. ते खोटं सांगणार नाही. पण निर्णय त्यांचा होता, आम्ही खोलीबाहेर बसलो होतो. "दर तीन महिन्यांनी तुमची तोंडं बघायला लागत होती, ती आता लागत नाहीत," असं ते नंतर म्हणाले. पर्याय आहे हे माणसाला कळू तरी द्यावं. हो-नाही त्याने ठरवावं.

दुर्वा७:
पटवण्याबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्न अर्धा तोच होता. भावाला मी भीती घालून पाहिलं, रडून पाहिलं, गोळी हातात ठेवून समोर उभी राहिले. जिभेखाली ठेवून थुंकायचा. मग कळलं, तो हट्ट करत नव्हता. तो आमच्यासाठी पैसे साठवत होता. वळणवाट, तुम्ही बाबांपासून नोकरीचं आणि कर्जाचं लपवलंत, पण त्यांना ते माहीत आहे. नाहीतर लेबलवर तारखा कशाला लिहितील? हिशोब ते आधीच करतायत, एकटे. त्यांना तुमच्या हिशोबात घ्या. खरा आकडा सांगा.

निसर्गस्नेही:
याच्याशी मी पूर्ण सहमत. काकांनाही सगळं सांगितलं होतं.

वळणवाट:
वाचतेय सगळं. छोट्या गोळ्या मोजल्या. ती त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी बंदच केली आहे. म्हणाले, "ती मुख्य नाही ना, नुसती जोडीची." मला तिचं कामच माहीत नव्हतं म्हणून इथे लिहिलं नाही. बीपी शेजारून मशीन आणून बघितलं, १७२/९६. मोजा काढला तर घोट्यावर रबराचा खोल वळ, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. हे त्याच्यामुळे का?

औषधवाली:
बहुतेक हो, आणि म्हणूनच पहिल्यांदा तेच विचारलं. अ‍ॅबिराटेरोन पुरुष हॉर्मोन अडवतं तेव्हा मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधलं एक दुसरं, मीठ-पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन वाढतं. त्याने बीपी चढतं, पाय सुजतात आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. छोटी गोळी हे सगळं आवरून धरते. शिवाय इतके महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम सोडणं हा वेगळा धोका. हे १९ दिवस थांबण्यासारखं नाही. आत्ता हॉस्पिटलला फोन करा आणि हेच शब्द सांगा: अ‍ॅबिराटेरोन चालू, प्रेडनिसोलोन तीन आठवडे बंद, बीपी १७२/९६, दोन्ही पायांना सूज. छातीत धडधड किंवा चक्कर आली तर फोनही नको, थेट न्या.
आणि ती छोटी गोळी सगळ्यात स्वस्त आहे, हे बाबांना नक्की सांगा.

त्रयस्थ:
जाणारच आहात तर विचारायच्या गोष्टी लिहून न्या. औषध जेनेरिक नावाने लिहून मिळेल का. अ‍ॅबिराटेरोन २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हाडांचं इंजेक्शन झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड असेल तर दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी चालेल का. २०१७ मध्ये १,८०० हून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासात, त्यात प्रोस्टेटचेही होते, १२ आठवड्यांनी देऊनही हाडं मोडण्यासारखे त्रास वाढले नव्हते. आणि तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांची वेळ मागा. मदतनिधीचे अर्ज त्यांच्याकडे असतात, आणि ते वेळेत भरले तरच कामाला येतात.

क्षितिजापार:
वळणवाट, काय झालं? कळवा.

वळणवाट:
उशीर झाला, माफ करा. त्याच संध्याकाळी बोलावलं. पोटॅशियम बरंच कमी निघालं, एक रात्र ठेवून घेतलं. आता घरी आहेत. छोटी गोळी सुरू झाली, बीपीची एक वाढवली आहे, चार दिवस मोठी गोळी थांबवून परत रोज. हाडांचं इंजेक्शन तीन महिन्यांनी केलं. जेनेरिक लिहून दिलं. एका गोळीच्या प्रकाराबद्दल विचारलं, डॉक्टर म्हणाले पोटॅशियम जागेवर येऊ दे, पुढच्या भेटीत पीएसए बघून बोलू. नाही म्हणाले नाहीत.
समाजसेविकेने पहिलाच प्रश्न बाबांना विचारला, मला नाही: "घरात कमावतं कोण?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "धाकटी. मोठीचं काम चार महिन्यांपूर्वी गेलं." त्यांना तारीखसुद्धा माहीत होती. मी खाली बघत राहिले.
घरी आल्यावर वही घेऊन समोर बसलो. सगळे आकडे वाचले, कर्जाचा हप्ताही. त्यांनी पेन्सिलीने बेरीज केली, माझी एक चूक काढली. अर्ज त्यांनीच भरला, माझं अक्षर वाचता येत नाही म्हणाले. आता डबी बाहेर टेबलावर असते.
औषधवाली, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. सायली_क, तुम्हाला व्यनि केलाय. ऑपरेशनचं मी बाबांना सांगितलं. काही बोलले नाहीत, पण आज सकाळी विचारलं, "त्यांचे वडील फोनवर बोलतील का?"

सायली_क:
बोलतील. बाबांना आत्ताच विचारलं. नंबर व्यनिमध्ये पाठवलाय. दुपारी चारनंतर करा, त्याआधी ते झोपलेले असतात.