मदत हवी आहे: स्मरणशक्तीच्या चाचणीत आई नापास, बाबा पास. घरात मात्र नेमकं उलटं!

जाईजुई

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आईबाबा सहकारनगरला दोघंच राहतात. बाबा ७७ वर्षांचे, बी.कॉम., सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. आई ७३, सातवीपर्यंत शिकलेली. मी वारज्याला असते, आठवड्यातून दोनदा चक्कर होते. भाऊ बंगळुरूला.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे ज्येष्ठांसाठी स्मरणशक्ती तपासणीचं मोफत शिबिर होतं. ‘मोका’ नावाची ३० गुणांची चाचणी, २६ किंवा जास्त म्हणजे ठीक. बाबांना २७ मिळाले. आईला १९, तेही शिक्षण कमी म्हणून देतात तो एक वाढीव गुण धरून. चाचणी घेणाऱ्या मुलीने आईच्या कागदावर लाल पेनने गोल केला आणि तिच्या तोंडावर सांगितलं, "आजी, डिमेन्शियाची सुरुवात असू शकते." तेव्हापासून आई मिटून गेली आहे. काल चहात साखर जास्त पडली तर म्हणते, "झालं, सुरू झालं माझं."

मी शेजारीच बसले होते, म्हणून जे पाहिलं ते सांगते. एक ठोकळा दिलेला, तो बघून तसाच काढायचा. आई रोज दारात एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढते, एक रेघ इकडची तिकडे होत नाही. पण हातात पेन्सिल दिल्यावर तिला सुचेचना. ठोकळ्याच्या जागी दोन चौकोन शेजारी शेजारी काढून ठेवले. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. गोल अगदी वाटीसारखा आला, पण आकडे सगळे उजव्या अंगाला गोळा झाले. १०० मधून सात-सात वजा करताना ९३ वर गाडी अडली. गेंड्याचं चित्र बघून "हत्तीच्याच जातीतलं काहीतरी" म्हणाली. आणि तारीख विचारल्यावर म्हणते, "आज संकष्टी. चंद्रोदय नऊ एकवीसला." घरी येऊन कॅलेंडर बघितलं, मिनिटाचाही फरक नव्हता. पण त्या मुलीला इंग्रजी तारीख हवी होती. भोपळा.

बाबांनी ९३, ८६, ७९, ७२, ६५ अशी फैर झाडली. मुलगी म्हणाली, "आजोबा, सावकाश."

आता घरचं ऐका. जूनचं लाइट बिल बाबांनी तीनदा भरलं. तीस वर्षं रोज सकाळी पर्वती चढतात. गेल्या महिन्यात उतरल्यावर रिक्षा केली (घर चालत दहा मिनिटांवर!) आणि रिक्षावाल्याला नारायण पेठेतल्या वाड्याचा पत्ता दिला. तो वाडा आम्ही १९८९ ला सोडला, आता तिथे सहा मजली इमारत आहे. एकच प्रश्न अर्ध्या तासात चारदा विचारतात. पण पाहुणे आले की पानशेतचा पूर रंगवून सांगतात: १२ जुलै १९६१, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, कोणाची ट्रंक वाहून गेली, सगळं. लोक म्हणतात, काय स्मरणशक्ती आहे हो! भाऊही तेच म्हणतो, "२७ आलेत, तू उगाच काळजी करतेस."

मला कळत नाहीये की कागद खरा की माझे डोळे? आणि पुढे कुठे, कोणाला दाखवायचं?

कढीलिंब

आईंना मधुमेह आहे का? मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ उतरतं, त्यात शाकाहारी असल्या तर विचारूच नका. माझ्या सासूबाई विसरायला लागल्या होत्या, हातापायाला मुंग्या यायच्या. बी१२ आणि थायरॉइड दोन्ही गडबडलेलं निघालं. इंजेक्शनं आणि गोळ्या झाल्यावर चार महिन्यांत पुन्हा भिशीचे हिशेब तोंडावर. रक्त आधी तपासा, बाकीचं नंतर.

पेठेतला

रोज सुडोकू, भिजवलेले बदाम आणि शंखपुष्पी. आमच्या आजोबांना ९२ व्या वर्षीही सगळं आठवायचं.

मनोमापक

@पेठेतला, आजोबांना नमस्कार, पण इथे बदामांनी भागणार नाही.

जाईजुई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, या चाचण्या घेण्यात बरीच वर्षं गेली. शिबिरात एका गुणसंख्येवरून कोणाच्या तोंडावर डिमेन्शिया हा शब्द उच्चारणं चूक आहे, हे आधी आईंना सांगा. मोका असो वा १९७५ पासून चालत आलेली एमएमएसई नावाची तशीच चाचणी, ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलं त्याची पुढे तपासणी करायची, इतकंच.

मोका २००५ ची, कॅनडात तयार झालेली. बारा वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पण सातवी शिकलेल्या आणि पुढची साठ वर्षं पेन्सिल न धरलेल्या बाईची भरपाई एका गुणात कशी होणार? ठोकळा, घड्याळ, वजाबाकी हे बरंचसं शाळेत गिरवलेलं कौशल्य आहे. म्हणूनच कमी शिकलेल्यांसाठी ‘मोका बेसिक’ वेगळी निघाली. आपल्याकडे तर हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, लिहितावाचता न येणाऱ्यांना विचारता येईल अशी हिंदी चाचणी १९९५ मध्येच तयार झाली होती.

बाबांचं उलटं. आयुष्यभर आकड्यांत वावरलेल्या माणसाकडे शिल्लक मोठी असते, झीज सुरू झाली तरी गुण बराच काळ टिकून राहतात. आणि पुराची गोष्ट ही साठ वर्षं सांगून घोटलेली आठवण आहे. सुरुवातीला मार बसतो तो कालपरवाच्या गोष्टींना. ‘पानशेत आठवतं’ म्हणून निर्धास्त होणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

दोघांचे कागद आहेत का? बेरीज सोडा, गुण कुठे गेले ते सांगा. सुरुवातीला पाच शब्द सांगून शेवटी परत विचारतात, त्याचं काय झालं?

जाईजुई

कागद मिळाले. आई: पाचपैकी ४ शब्द. ठोकळा-घड्याळाच्या भागात पाचपैकी १, बाकीचे इकडे-तिकडे गेलेत.

बाबा: पाचपैकी २. त्यांचे गेलेले तीनही गुण इथलेच आहेत! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

@कढीलिंब, हो, आईला बारा वर्षांपासून मेटफॉर्मिन आहे. बी१२ कधीच बघितलेलं नाही.

मनोमापक

मग तुमचे डोळे बरोबर सांगताहेत. २७ आणि २७ मध्ये फरक असतो. इकडचा एक, तिकडचा एक गेला तर मी फार लक्ष दिलं नसतं. सगळे एकाच खणातून गेलेत म्हटल्यावर बघायलाच हवं.

नीट चाचणी घेणारा इथे आणखी एक गोष्ट बघतो. शब्द आठवला नाही तर "एक फूल होतं" असं सुचवतो. त्याचा गुण मिळत नाही, पण सुचवल्यावर आठवलं तर शब्द आत आहे, फक्त हाताला लागत नव्हता. सुचवूनही आठवलं नाही तर तो आत साठलाच नव्हता. दुसऱ्या प्रकारात अल्झायमरची शंका जास्त बळावते. शिबिरातल्या घाईत हे बहुधा राहिलं असेल.

न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांचे आजार बघणारे डॉक्टर, यांपैकी कोणाकडेही सुरुवात करा. ससूनसारख्या ठिकाणी मानसोपचार विभाग आहेच. जाताना बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्याही विसराळूपणा वाढवतात. ऐकू नीट येतं का तेही बघून घ्या, न ऐकलेला शब्द कोणालाच आठवत नाही. रक्ताच्या तपासण्या, गरज वाटली तर एमआरआय, आणि उदासी आहे का याची चौकशी होईल.

सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही स्वतः लिहून न्या. बिल तीनदा, रिक्षा, पत्ता, तारखांसकट. ‘दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसे आहेत’ असं घरच्यांना विचारणारी आयक्यूकोड नावाची प्रश्नावली असते. तिथे शिक्षण आड येत नाही. आणि कृपा करून ते पाच शब्द घरी पाठ करून घेऊ नका.

जाईजुई

उशीर झाला! भावाने फोनवर घोटून घेतले. बाबा रोज सकाळी चहाबरोबर पाचही म्हणून दाखवतात.

मनोमापक

हा हा. डॉक्टरांना सांगून ठेवा, शब्द बदललेले पर्यायी नमुने असतात.

कढीलिंब

एक विचारू? बाबा काही विसरले की आई पुरवतात का?

जाईजुई

हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. "अहो, चष्मा फ्रिजवर." "अहो, औषध झालंय तुमचं." "अहो, तो तुमचा मित्र नव्हे, त्याचा मुलगा." दिवसभर चालू असतं. मार्चमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन दिवस ती झोपून होती, तेव्हाच तर मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं होतं. म्हणजे जिला १९ मिळाले ती दोघांपुरतं लक्षात ठेवत होती.

आता अडचण अशी की बाबा डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. "मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालोय, हिला न्या" म्हणतात.

कढीलिंब

मग आईंनाच न्या ना! तुम्ही सोबतीला चला म्हणावं. तपासणी दोघांची होऊन जाईल. आईंचं बी१२ बघायचंच आहे, त्यामुळे खोटंही नाही.

मनोमापक

अनुमोदन. डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी आधी द्या, बाबांच्या देखत सगळं बोलावं लागणार नाही. आणि आईंवरचा भार कोणी वाटून घेणार आहे का, हेही भावाशी बोला. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही लक्षात असू द्या.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. आईचं बी१२ आलं, १४०. बरंच कमी आहे म्हणे, इंजेक्शनं सुरू केली. भावाला दोन्ही कागदांचे फोटो पाठवले, तो शनिवारी येतोय.

बाबा यायला लगेच तयार झाले. आई पुन्हा नापास होऊ नये म्हणून कालपासून तिला वहीत घड्याळ काढायला शिकवताहेत. आधी बारा, मग खाली सहा, मग तीन आणि नऊ. ती मुकाट्याने काढते. आज सकाळपासून तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलंय.